हा खाऊ नव्हे!

नवे शूज घेतलेत? बॉक्स उघडा. शूजच्या पोटात कोंबलेला कागद बाहेर ओढा. त्याच्याबरोबर टपकन खाली पडते ना, ती पांढरी पुडी. अंगठ्याएवढी. हलवली की आत काहीतरी खुळखुळतं. आणि वर ठसठशीत अक्षरांत, उद्गारचिन्हासकट छापलेलं असतं : 'डू नॉट ईट!' खाऊ नका!

मला नेहमी प्रश्न पडतो, की खाणार होतं कोण? म्हणजे, साडेतीन हजारांचे शूज घेऊन घरी आलेला माणूस सोफ्यावर बसून त्या पुडीची फक्की मारेल, असं कंपनीला का वाटावं? शूजवर कुठे लिहिलेलं नसतं 'खाऊ नका'. बॉक्सवर नसतं. त्या चुरचुरणाऱ्या टिश्यू पेपरवरही नसतं. खाण्याबद्दलचा सगळा संशय त्या एकट्या बिचाऱ्या पुडीवर!

ऑफिसात लंच टाइमला हा विषय निघाला, तेव्हा टेबलावर सरळ तीन पक्ष पडले. पहिल्या पक्षाचं म्हणणं, आत जालीम विष असतं, जिभेला लागलं तरी खेळ खल्लास. दुसरा पक्ष म्हणाला, ''छे गं, काही नसतं आत. उद्या कोणी कोर्टात खेचू नये म्हणून कंपन्या वाट्टेल ते छापतात.'' तिसऱ्या पक्षात अकाउंट्समधला एकच महाभाग होता. तो म्हणाला, ''एक फोडून बघू या का?''

गंमत म्हणजे, पहिले दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत आणि अर्धे चूक. आणि तिसऱ्याला आम्ही आवरलं, हे फार बरं झालं. का, ते सांगते.

एका ग्रॅममध्ये पंधरा फ्लॅट

यातल्या बहुतेक पुड्यांमध्ये असतं सिलिका जेल. नावात जेल असलं, तरी केसांना चोपडायच्या जेलशी त्याचं काही नातं नाही. हे म्हणजे कोरडे, कडक, साबुदाण्यासारखे मणी. केमिस्ट्रीतलं नाव सिलिकॉन डायऑक्साइड. बहुतेक वाळूत जे मुख्यत्वे असतं, तेच. फरक आहे तो आतल्या बांधणीचा. वाळूचा कण भरीव. सिलिका जेलचा मणी मात्र आतून नुसता भोकाभोकांचा, आणि ही भोकं इतकी बारीक, की कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली धरली तरी दिसणार नाहीत.

या सगळ्या भोकांच्या आतल्या भिंती उलगडून सपाट पसरल्या, तर एका ग्रॅमचं क्षेत्रफळ भरतं साधारण ७०० चौरस मीटर. आपल्या भाषेत, साडेसात हजार स्क्वेअर फूट. म्हणजे ५०० कार्पेटचे पंधरा वन बीएचके, एका ग्रॅममध्ये! मुंबईतल्या भल्याभल्या बिल्डरांना हे जमलेलं नाही.

हवेतली वाफ येऊन या भिंतींना चिकटते. स्पंज कसा पाणी पिऊन टम्म फुगतो, तसं इथे होत नाही. मणी होता तेवढाच राहतो, हाताला कोरडाच लागतो. पण तोवर त्याने स्वतःच्या वजनाच्या तीस ते चाळीस टक्के पाणी गुपचूप धरून ठेवलेलं असतं.

ही आयडिया आजची नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत वॉल्टर पॅट्रिक नावाचे केमिस्ट्रीचे प्रोफेसर होते. सिलिका जेल तयार करण्याच्या त्यांच्या पद्धतीला १९१९ मध्ये पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात गॅस मास्कच्या डब्यांत विषारी वाफा शोषून घेण्यासाठी हे जेल वापरलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आणि लष्करी सामान कोरडं ठेवण्याचं काम त्याच्याकडे आलं. काय नशीब असतं बघा! सैनिकांना विषापासून वाचवायला जी वस्तू कामाला लागली, तिच्याकडेच आज लोक विष म्हणून बोट दाखवतात.

शूजच्या बॉक्समध्ये ती कशाला? तर आपले शूज बऱ्याचदा जहाजाने येतात. फॅक्टरीतली दमट हवा कंटेनरमध्ये कोंडली जाते. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार पडतो आणि मग आतल्या छताला पाण्याचे थेंब धरतात. शिपिंगवाले याला 'कंटेनर रेन' म्हणतात. बंद डब्यात पाऊस! अशा पावसात काही आठवडे राहिलेल्या लेदरवर बुरशी नाही आली तरच नवल. जुलैत आपल्या कपाटातल्या लेदरच्या पर्सचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. कॅमेरावाल्यांना तर विचारूच नका, लेन्सला बुरशी लागणं हे त्यांचं पावसाळ्यातलं राष्ट्रीय दुःख आहे.

आणि खाल्लं तर?

आता मुद्द्याचं. समजा, कोणी ते साधे पांढरे मणी खाल्ले. काय होईल?

बहुतेक वेळा काहीच नाही. सिलिका जेल पोटातल्या आम्लात विरघळून विष वगैरे होत नाही. रक्तात जात नाही. जसं गेलं तसं दुसऱ्या दिवशी मार्गस्थ होतं. जीभ कोरडी पडेल, घसा खवखवेल, फार तर मळमळेल. 'शरीरातलं सगळं पाणी शोषून घेतं' ही तर निव्वळ अफवा. हिशेब करा ना. पाच ग्रॅमच्या पुडीने जास्तीत जास्त दोन ग्रॅम पाणी धरलं. चहाचा अर्धा चमचाही नाही!

त्याहून गंमत सांगू? सिलिकॉन डायऑक्साइड तुम्ही खाताच आहात. इन्स्टंट सूपचं किंवा मसाल्याचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. 'अँटिकेकिंग एजंट ५५१' असं बऱ्याच पाकिटांवर दिसेल. पावडरचा गोळा होऊ नये म्हणून घातलेला तोच सिलिकॉन डायऑक्साइड, फक्त खाण्यासाठी म्हणून बनवलेला.

इथे पहिल्याच पक्षातली एक मैत्रीण उसळून म्हणाली, ''मग ते सिलिकोसिस काय असतं?'' प्रश्न रास्त आहे. दगडखाणीत, दगड फोडण्याच्या कामात ज्या धुळीने फुप्फुसं निकामी होतात, ती स्फटिकरूप सिलिकाची धूळ. तीही वर्षानुवर्षं श्वासातून आत गेलेली. पुडीतलं जेल स्फटिकरूप नसतं, आणि पुडी कोणी रोज उठून हुंगत नाही. नाव एक, गाव वेगळं.

म्हणजे दुसरा पक्ष जिंकला? कंपन्या उगीच घाबरवतात? थांबा. इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

सूचना नक्की कोणाला?

पहिलं कारण अगदी साधं आहे आणि सगळ्यात गंभीरही. श्वास अडकणं. पुडी लहान, हलकी, खुळखुळणारी, म्हणजे रांगत्या बाळासाठी अव्वल दर्जाचं खेळणं. ती सापडल्यावर बाळ ती कुठे घालणार, हे कोणत्याही आईला विचारा. आतलं जेल निरुपद्रवी असेल हो, पण अख्खी पुडी घशात अडकली तर आत काय आहे याला अर्थ उरत नाही. तिथे रुपयाचं नाणं आणि सिलिका जेल सारखेच.

दुसरं कारण, ही पुडी दिसते अगदी खाण्याच्या वस्तूंसारखी. विमानातली साखरेची पुडी आठवा, पिझ्झाबरोबर येणारं ऑरेगॅनो आठवा, टपरीवरची सुपारीची पुडी आठवा. आपला देश पुडी फाडून थेट तोंडात टाकणाऱ्यांचा आहे बॉस! जेवण झालं, समोर पांढरं दाणेदार काही आलं, की हात आपोआप पुढे जातो.

यात अतिशयोक्ती वाटत असेल, तर मार्च २०२४ मधली गुरुग्रामची बातमी आठवून बघा. एका कॅफेत जेवण झाल्यावर मुखवास म्हणून पांढरे खडे समोर आले. पाच जणांनी ते तोंडात टाकले. तो होता ड्राय आइस! तोंड भाजलं, रक्ताच्या उलट्या झाल्या, हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथे सिलिका जेलचा काही संबंध नव्हता. पण खायला बसलेला माणूस समोरचं पांढरं दाणेदार काही तपासून बघत नाही, हे त्यातून दिसलं. तो विश्वासाने तोंडात टाकतो.

तिसरं कारण औषधांच्या बाटलीत. माझी आत्या दादरला असते. वय ७४, चश्मा कायम दुसऱ्या खोलीत. मध्यंतरी तिचा फोन. ''अगं, या कॅल्शियमच्या बाटलीत एक जाडी गोळी निघालीये. डॉक्टरांनी मला एकच सांगितलीये, ही कुठली?'' मी म्हटलं, ''आत्या, त्यावर काही लिहिलंय का?'' ''लिहिलंय गं, पण मुंगीच्या अक्षरात. तूच ये आणि वाच.'' ती गोळी नव्हती. प्लॅस्टिकची छोटी नळकांडी होती, आत तेच जेल. गोळ्यांच्या बाटलीत, गोळीच्या शेजारी, जवळपास गोळीच्याच आकाराची! आत्याने आधी विचारलं म्हणून ठीक. पण अशा नळकांड्या गोळी समजून गिळल्याच्या केसेस मेडिकल जर्नल्समध्ये नोंदलेल्या आहेत.

चौथं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शूजमधली पुडी खाण्याच्या वस्तूंच्या फॅक्टरीत बनलेली नसते. तिथली स्वच्छता, शुद्धता खाण्याच्या मापाने कोणी तपासलेली नसते. शिवाय ते जेल फक्त पाणीच धरतं असं नाही. कित्येक आठवडे ते बंद बॉक्समध्ये लेदर, रंग आणि गोंद यांच्या वाफा शोषत पडलेलं असतं. म्हणजे मूळचा सज्जन मुलगा, पण संगत वाईट.

आता जरा नीट बघा. बाळाला वाचता येत नाही. आत्याला अक्षर दिसत नाही. घरातला कुत्रा इंग्रजी शिकलेला नाही. आणि ज्याला ती दोन ओळींची सूचना घडाघडा वाचता येते, तो साडेतीन हजारांचे शूजवाला तुमच्या-माझ्यासारखा शहाणा माणूस पुडी खाणारच नसतो. मग 'डू नॉट ईट' हे सांगितलंय कोणाला?

माझ्या मते ते खाणाऱ्याला सांगितलेलंच नाही. ते सांगितलंय बॉक्स उघडून पुडी जमिनीवर तशीच टाकणाऱ्याला. म्हणजे तुम्हाला आणि मला.

पुडी तीच, आतला माल वेगळा

आणि आता पहिल्या पक्षासाठी आनंदाची बातमी. काही पुड्यांमध्ये खरोखर खतरनाक माल असतो.

अकरावी-बारावीच्या केमिस्ट्री लॅबमधले निळे खडे आठवतात? ओल लागली की गुलाबी व्हायचे. तेही सिलिका जेलच, पण रंगासाठी त्यात कोबाल्ट क्लोराइड घातलेलं. हे मात्र विषारी. युरोपात ते कर्करोगकारक रसायनांच्या यादीत आहे, आणि २००८ पासून विशेष चिंतेच्या पदार्थांच्या यादीतही. म्हणून हल्ली अनेक ठिकाणी निळ्याऐवजी नारिंगी मणी वापरतात. घरी येणारे मणी बहुधा पांढरेच असतात. पण रंगीत दिसले, तर हात लावायची, पुन्हा वापरायची हौस नको.

मग येते खाण्याच्या पाकिटातली चपटी पुडी. मिठाईच्या बंद पाकिटात, ड्रायफ्रूटमध्ये, केकच्या खाली असते ती. ही ओल शोषायला नसते, ऑक्सिजन शोषायला असते. आत बारीक लोखंडाची पावडर, थोडं मीठ. लोखंड गंजतं आणि गंजताना पाकिटातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. म्हणून पाकीट फोडल्यावर पुडी हाताला किंचित कोमट लागू शकते. जपानच्या मित्सुबिशी गॅस केमिकल कंपनीने १९७७ मध्ये ही युक्ती बाजारात आणली. माणसाच्या तोंडात चिमूटभर गेली म्हणून आकाश कोसळत नाही, पण लोह पोटात जास्त गेलं की विषारी ठरतं. पाकिटाच्या वासाने अख्ख्या पुड्या फस्त करणाऱ्या कुत्र्यांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि हो, लोखंड आहे म्हटल्यावर ही पुडी मायक्रोवेव्हमध्ये जाता कामा नये. फराळ गरम करताना पाकिटातली पुडी आधी काढा.

तिसरी पुडी येते ऑनसाइटहून. तुमचा टीममेट टोकियोहून परततो आणि पँट्रीत तांदळाच्या कुरकुरीत पापड्या, समुद्री शेवाळाची पाकिटं मांडून ठेवतो. त्यातल्या काही पाकिटांत सिलिका जेल नसतं, चुनकळी असते. म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, घर रंगवायला आणायचे तो कळीचा चुना. त्याच्यावर पाणी टाकलं की काय होतं, हे गावाकडे पाहिलेल्यांना सांगायला नको. सणसणून तापतो, रटरटतो. तेच पाणी आपल्या तोंडात असतं. डोळ्यात तर असतंच असतं. ती पुडी चावून फोडली किंवा फुटून डोळ्यात उडाली, तर नुसतं चुरचुरण्यावर भागत नाही, भाजतं.

चुन्याने डोळ्याला काय होतं, हे शिकायला आपल्याला जपानला जायची गरज नाही. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबून खेळताना ती फुटते आणि चुना थेट मुलाच्या डोळ्यात उडतो. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा केसेस वर्षानुवर्षं नोंदल्या आहेत. काही मुलांची दृष्टी कायमची गेली आहे. आणि त्या पुडीवर 'मुलांपासून दूर ठेवा' हे ठळकपणे छापलेलं शोधून दाखवाच.

चौथी आपल्या पावसाळ्याची लाडकी. कपाटात टांगायची पिशवी किंवा डबी, जिच्या तळाशी महिन्याभरात पाणी जमतं. आत कॅल्शियम क्लोराइड असतं. जमलेलं पाणी साधं नसतं, दाट खारट द्रावण असतं. ते त्वचेला, डोळ्याला चुरचुरतं, लेदरचा तर सत्यानाश करतं. ते झाडाला घालू नका. झाड मरेल.

बघा, म्हणजे पाच वेगवेगळे पदार्थ, पाच वेगवेगळे स्वभाव. एक साधू, एक भडकू, एक चावरा. आणि सगळ्यांच्या कपाळावर बऱ्याचदा एकच वाक्य : खाऊ नका. शंभरदा शूजच्या पुडीवर ते वाचून आपण हसलेलो असतो. एकशे एकाव्या वेळी ते वाक्य चुनकळीवर असतं, आणि तेव्हाही आपण हसतोच. लांडगा आला रे आला, दुसरं काय!

सोफ्यात बसलेला लांडगा

एकदा लांडगा खरंच आला होता. २००६-०७ च्या सुमारास फिनलंडमध्ये आणि मग ब्रिटनमध्ये डॉक्टरांकडे विचित्र पेशंट यायला लागले. पाठीवर, मांड्यांवर, जिथे जिथे टेकून बसतो तिथे तिथे लालभडक पुरळ. काहींना भाजल्यासारख्या जखमा. कोणाला खरूज वाटली, कोणाला इन्फेक्शन. औषधं दिली, उतार पडेना. कारण औषध घेऊन पेशंट घरी जात होते आणि पुन्हा त्याच सोफ्यावर बसत होते.

सोफे चीनमध्ये बनलेले. बोटीच्या प्रवासात लेदरला बुरशी लागू नये म्हणून आत छोट्या पुड्या ठेवलेल्या. पण त्यात ओल शोषणारं जेल नव्हतं. बुरशी मारणारं डायमिथाइल फ्यूमरेट होतं. घरात माणूस सोफ्यावर बसला, की अंगाच्या उबेने त्याची वाफ व्हायची आणि लेदरमधून, कपड्यांमधून थेट कातडीला भिडायची. २००८ मध्ये फिनलंडचे त्वचारोगतज्ज्ञ तापिओ रांतानेन यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजीत हे कोडं सोडवून दाखवलं. युरोपीय संघाने १ मे २००९ पासून हे रसायन असलेल्या वस्तूंवर बंदी घातली, मर्यादा ठेवली एका किलोला ०.१ मिलिग्रॅम. २०१० मध्ये लंडनच्या हायकोर्टात सुमारे दोन हजार पेशंट्सच्या दाव्याची तडजोड झाली. भरपाईचा आकडा होता दोन कोटी पौंडांपर्यंत.

या गोष्टीतली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब सांगू? त्या पुड्या कोणी खाल्ल्या नव्हत्या. कोणी पाहिल्याही नव्हत्या. त्या कुशनच्या आत शिवून बंद होत्या. त्यावर 'खाऊ नका' असं सात भाषांत लिहिलेलं असतं, तरी उपयोग शून्य. माणसाला वाचवते ती पुडीवरची अक्षरं नव्हे, तर पुडीत काय भरायचं यावरचं नियंत्रण. इशारा म्हणजे शेवटची कडी. त्याच्या आधीच्या कड्या निसटल्या, की तो एकटा काही करू शकत नाही.

आपल्याकडे तर हा शेवटचा इशाराही इंग्रजीत, नाही तर चिनी-जपानीत असतो. ऑनलाइन खरेदीची खोकी घरी रोज येतात. ती आवरतात कोण? बऱ्याच घरांत कामाला येणाऱ्या मावशी. ''ताई, ही साखर फेकू का ठेवू?'' असं मला आमच्या मावशींनीच विचारलंय. कवटी-हाडांचं चित्र नको, पण तोंडाकडे जाणारा हात आणि त्यावर लाल फुली, एवढं चित्र काढायला कितीशी शाई लागते?

मग करायचं काय?

पॅनिक नको. घरातल्या सगळ्या पुड्या गोळा करून होळी पेटवायचीही गरज नाही. एवढंच करा :

पार्सल उघडलं, की पहिल्यांदा पुडी शोधा. घरात लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असेल, तर ती थेट झाकणाच्या कचरापेटीत. कोचाखाली सरकवू नका, टेबलावर 'नंतर बघू' म्हणून ठेवू नका.

पांढऱ्या मण्यांच्या अखंड पुड्या वाया घालवायच्या नसतील, तर कॅमेऱ्याच्या बॅगेत, पासपोर्टच्या फाइलमध्ये, टूलबॉक्समध्ये ठेवा. शूजच्या बॉक्समधली पुडी पापडाच्या डब्यात मात्र नको. मिठात तांदळाचे दाणे टाकायची आजीची युक्ती त्यापेक्षा कितीतरी सरस. फक्त भिजलेला मोबाइल तांदळात पुरू नका. बारीक कण आत जाऊन फोन बिघडू शकतो, असं ॲपलनेच २०२४ मध्ये सांगून टाकलंय.

कोणी साधे पांढरे मणी खाल्ले, तर तोंड धुवा, पाणी प्या, शांत राहा. पुडी फेकू नका, तिच्यावर काय लिहिलंय ते डॉक्टरांना लागतं. पुडीत चुना, लोखंड, रंगीत मणी किंवा काय ते कळत नाही असं काही असेल, तर उलटी करवू नका, सरळ डॉक्टर गाठा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा नंबर आजच शोधून मोबाइलमध्ये सेव्ह करा.

डोळ्यात गेलं, तर चोळू नका. नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळा. आधी पाणी, मग रिक्षा. हा क्रम चुकवू नका.

मूल गुदमरतंय, आवाज फुटत नाहीये, ओठ निळे पडताहेत, तर गूगल करत बसू नका. १०८ किंवा ११२. आणि अडकलेली वस्तू बाहेर कशी काढायची, याचं फर्स्ट एड ट्रेनिंग ऑफिसात मिळत असेल, तर या खेपेला खरंच जाऊन बसा. एचआरच्या मेल्समधली ही एक मेल वाचण्यासारखी असते.

राहिला प्रश्न आमच्या अकाउंट्समधल्या महाभागाचा. त्याचा युक्तिवाद असा, की 'सिलिका जेल निरुपद्रवी आहे हे तूच सांगतेस, मग खाऊन बघितलं तर बिघडलं कुठे?' त्याला मी एकच विचारलं, ''आत सिलिका जेलच आहे, हे तुला कसं कळलं?''

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पुडीवरही नव्हतं. तिथे फक्त दोन-तीन शब्द होते, आणि त्या अडाणी, आडमुठ्या शब्दांमागचा सगळा शहाणपणा एवढाच, की ज्यात काय आहे ते माहीत नाही, ते तोंडात घालायचं नसतं. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हाताला लागेल असं ठेवायचं नसतं.